तिसऱ्या खिडकीखालची जमीन

सोमवार, ४ ऑगस्ट १९९७

ही वही कामाच्या नोंदींसाठी आणली आहे. कुठलं मशिन, कुठलं मेण, कुठला ब्रश, एवढंच लिहायचं असं ठरवलंय. पण मी स्वतःला ओळखते. चार दिवसांत हिच्यात घरचं सगळं येणार.

टेलिफोनच्या कारखान्यातून स्वेच्छानिवृत्ती घेऊन पाच महिने झाले. बावीस वर्षं स्टोअरमध्ये स्क्रू आणि वॉशर सांभाळले. आता चव्वेचाळिसाव्या वर्षी ऑफिसांच्या जमिनी साफ करायचा धंदा काढते म्हटल्यावर दोन्ही जावांनी तोंडाला पदर लावला. आमचे हे तेवढे हसले नाहीत. ज्योतिबा यांचं नाव, पीण्यातल्या लेथच्या कारखान्यात सुपरवायझर आहेत, आणि मी यांना हसताना एकदाच पाहिलंय, ते लग्नाच्या फोटोत.

आज पहिलं काम आलं. पुण्याहून बंगळूरला आलेल्या एका कॉम्प्युटर कंपनीने लँगफर्ड रोडवरच्या जुन्या क्लबाचा नाचाचा हॉल भाड्याने घेतलाय. तिथे मुलांना ट्रेनिंग देणार. मॅनेजर सुशांत म्हणून आहे, तिशीचा. फोनवर म्हणाला, "काकू, सगळा वुडन फ्लोअर आहे, पण अवस्था बेकार. दसऱ्याला ओपनिंग आहे आणि मला तो एकदम नव्यासारखा पाहिजे."

लँगफर्ड रोडवर नाचाचा हॉल एकच होता. त्या हॉलची जमीन माझ्या वडिलांनी तेहतीस वर्षं राखली.

अप्पा आता शहात्तर वर्षांचे आहेत आणि विल्सन गार्डनला आमच्याकडेच असतात. जेवताना त्यांना सांगितलं. त्यांनी मान वर केली नाही, फक्त विचारलं, "फळ्या त्याच आहेत?" त्याच आहेत म्हटलं. मग चपला घालून बाहेर पडले. दर सोमवारी ते जॉन्सन मार्केटात चहा प्यायला जातात, ऊन असो की पाऊस. दोन तासांनी परत येतात आणि आल्याबरोबर चहा मागतात. या वयात किती चहा प्यायचा याला काही सुमार नाही.

शुक्रवार, ८ ऑगस्ट

मशिनं बघायला यशवंतपूरला गेले होते. व्यंकोजी म्हणून आपल्यातलेच एक आहेत, मोझॅइकच्या जमिनी घासून देतात. त्यांचं मशिन म्हणजे खाली घासायचे दगड, वरून पाण्याची धार आणि कानठळ्या बसवणारा आवाज. लाकडाचं काय, असं विचारलं तर म्हणाले, "काही होत नाही अक्का. जे दगडालाही सोडत नाही, त्याला लाकूड म्हणजे स्वल्प काम." मला खरं सांगायचं तर ते मशिन आवडलं. राखाडी चिखल निघतो, तो धुऊन टाकला की खाली लख्ख. काम झाल्याचं दिसतं तरी.

दुसरा प्रकार यांनी शोधला. आडव्या पिंपासारखा रूळ, त्याला सँडपेपर गुंडाळलेला. लाकडाचा वरचा थरच काढून टाकतो. तिसरं मशिन हॉटेलांना सामान पुरवणाऱ्याकडे मिळतं: उभा दांडा, खाली एकच गोल ब्रश, भाकरीच्या तव्याहून थोडा मोठा. आपल्याला हवा तसा मऊ किंवा कडक ब्रश लावायचा. दिसायला अगदीच गरीब.

रात्री तिन्ही प्रकार अप्पांना सांगितले. त्यांनी एवढंच विचारलं, "पाणी?" म्हटलं, थोडं तर लागणारच. ते अर्ध्या ताटावरून उठले. सांबारात मीठ कमी पडलं असावं, पण मला काही लागलं नाही.

बुधवार, १३ ऑगस्ट

गोल ब्रशचं ठरलं. कारण शहाणपणाचं नाही, लाजेचं आहे. बाकीची दोन मशिनं घेऊन अप्पांच्या समोरून जायचा मला धीर झाला नाही. मशिन दोन आठवड्यांनी मिळेल.

सोमवार, १८ ऑगस्ट

हॉलची किल्ली मिळाली. एकटीच आत जाऊन उभी राहिले. इतका मोठा हॉल, पण माझ्या मनात होता त्याहून लहान निघाला. वास मात्र तोच: मेण, टर्पेंटाइन आणि जुनं सागवान. मी तिथेच फळ्यांवर खाली बसले.

सोमवारी क्लब बंद असायचा. सकाळी आई-अप्पा मला घेऊन इथे येत. आई आधी दारात बसून पायांच्या बोटांना चिंध्या बांधायची. सवाष्णीने जोडवी काढायची नाहीत आणि साहेबाच्या फळीवर ओरखडा उठवायचा नाही, यावर तिचा हा उपाय. मग दोघं एकेका पायाखाली नारळाचं सोडण, म्हणजे काथ्याची साल, घेऊन फळ्या घासत. एक पाय जमिनीवर, एक सोडणावर, पुढे-मागे, कमरेतून डुलत. अप्पा खिडक्यांकडून निघायचे, आई स्टेजकडून, आणि मध्ये कुठेतरी दोघं भेटायचे. भेटले की थोडा वेळ थांबायचे. शेवटी घोंगडीची घडी घालून मला तिच्यावर बसवायचे आणि दोन टोकं धरून हॉलभर ओढायचे. मी राणी, ती माझी गाडी. मोठी झाल्यावर कळलं की राणी वगैरे काही नव्हते, चकाकी यायला वजन लागतं म्हणून मला बसवत होते. आई तोवर गेली होती. ती गेली तेव्हा मी पंधरा वर्षांची होते.

घरी येऊन अप्पांना विचारलं, घासताना तुम्ही दोघं गाणं म्हणायचात ना? म्हणाले, नाही. मला तर चांगलं आठवतं, म्हणायचे.

गुरुवार, २१ ऑगस्ट

मशिन येईपर्यंत हातावर हात ठेवून बसायचा माझा स्वभाव नाही. म्हटलं, एक तुकडा करून बघू. तिसऱ्या खिडकीखालची जागा सगळ्यांत काळवंडलेली होती, म्हणून तीच निवडली. तिथे बारीक बारीक ओरखडेही आहेत, चंद्रकोरीसारखे, ओळीने सात-आठ. कुणीतरी खुर्ची ओढली असणार.

आमच्या घरात पाणी ओतल्याशिवाय कुठलीही गोष्ट स्वच्छ झाली असं कुणी मानत नाही. सणाच्या आधी तर उंबऱ्यातून पाण्याचा लोट बाहेर पडला पाहिजे. वॉचमनकडून दोन बादल्या मागून घेतल्या. साबणाची पावडर, फिनाइल आणि काथ्याचा ब्रश. काळंभोर पाणी निघालं आणि असं समाधान वाटलं म्हणून सांगू. केरसुणीने लोटलं. उरलेलं फळ्यांच्या फटींतून खाली उतरलं, तेव्हा मी मनात म्हटलं, बरं झालं, पुसायचं वाचलं.

शुक्रवार, २२ ऑगस्ट

फळ्या वर आल्या आहेत. प्रत्येकीच्या दोन्ही कडा उचलल्यात, उन्हात घातलेल्या पापडासारख्या. पायाला लागतात.

घरी कुणाला सांगितलं नाही.

शनिवार, २३ ऑगस्ट

सुशांत नेमका आज आला. बिचारा ओरडला नाही, त्यालाच जास्त मेल्यासारखं झालं. म्हणाला, मुंबईला एक पार्टी आहे, ते रूळवाल्या मशिनने सगळा हॉल तासून सपाट करतात आणि वर प्लास्टिकसारखं चकचकीत वॉर्निश मारतात. "वीस सप्टेंबरला मी परत बघतो, काकू. तोपर्यंत फ्लॅट झालं नाही, तर मला त्यांना बोलवावं लागेल. सॉरी."

म्हणजे पहिलंच काम जाणार. जाऊ दे, काम दुसरं मिळेल. पण अप्पांनी तेहतीस वर्षं ज्या जमिनीवर पाण्याचा थेंब पडू दिला नाही, ती त्यांच्या मुलीने एका सकाळीत घालवली आणि आता ती रंधा मारल्यासारखी तासून काढणार, हे मला त्यांना कुठल्या तोंडाने सांगायचं?

सोमवार, २५ ऑगस्ट

सांगितलं. सांगायला लागलंच नाही खरं तर. अप्पा म्हणाले, चार दिवस झाले, तुझ्या हाताला फिनाइलचा वास येतोय.

"मी जमीन धुतली, अप्पा."

"किती पाणी?"

"दोन बादल्या."

"कुठे?"

"खिडकीखाली."

"कोणत्या?"

"तिसऱ्या."

त्यांनी हातातली कपबशी खाली ठेवली आणि चपला शोधायला लागले. तिसऱ्या खिडकीवर ऊन जास्त वेळ असतं, वाळायला बरं पडेल, म्हणून विचारलं असावं. त्यांचं डोकं अजून कसं चालतं बघा.

रिक्षाने हॉलवर गेलो. गेटवरचा वॉचमन त्यांना बघून उठून उभा राहिला आणि कानडीत म्हणाला, आज लवकर आलात तात, आज आत येणार की नेहमीसारखं खिडकीतूनच बघणार? तो अप्पांना कुणी दुसराच समजला होता. नोकरी सुटल्यापासून अठरा वर्षांत इकडे फिरकले नाहीत ते. पण अप्पांनी त्याला दुरुस्त केलं नाही. "आत," एवढंच म्हणाले.

चपला दारात काढल्या. डोळे मिटून, अनवाणी, त्या उचललेल्या फळ्यांवरून सावकाश चालले. एकदा, दोनदा. मग भिंतीला धरून खाली बसले आणि तळहाताने जमीन चाचपत राहिले, आजारी माणसाच्या अंगावरून हात फिरवतात तसा. मला वाटलं, आता बोलतील. शिव्या दिल्या असत्या तरी मी ऐकून घेतल्या असत्या.

"फळी मेली नाही, श्यामले," ते म्हणाले. "पाणी प्यायलीय. जसं प्यायली तसं सोडेल. तिला घाई करू नकोस."

गुरुवार, २८ ऑगस्ट

अप्पांनी सांगितलेलं लिहून ठेवते. खिडक्या सकाळी दहाला उघडायच्या, चारला बंद करायच्या. पंखे अगदी हळू. हिटर नाही, इस्त्री नाही, वर दगड ठेवायचे नाहीत. संध्याकाळी त्या जागेवर वर्तमानपत्राचा कागद पसरून वर पाट पालथा घालायचा. सकाळी कागद मऊ लागला तर ओल आहे, कुरकुरीत लागला तर गेली.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं, ओली असताना तासायची नाही. आज उचललेल्या कडा तासल्या, तर वाळल्यावर त्याच कडा खाली बसतील आणि प्रत्येक फळीला पोक येईल. हे मी सुशांतला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "हे लॉजिकल आहे. हे तुम्हाला कुणी सांगितलं?" म्हटलं, आमचे कन्सल्टंट आहेत.

कन्सल्टंट तेव्हा ओसरीवर लसूण सोलत होते.

बुधवार, १० सप्टेंबर

कागद अजून मऊ.

मंगळवार, १६ सप्टेंबर

कागद कुरकुरला. मी तो घडी घालून पर्समध्येच ठेवला.

चिकपेटेत मेण आणायला गेलो, अप्पाही आले. दुकानदाराने पांढरीशुभ्र वडी काढली. अप्पांनी ती बोटांत चोळली, हुंगली, परत ठेवली. मेणबत्तीचं आहे म्हणाले. चौथ्या दुकानात पिवळट, कळकट वडी मिळाली. चोळली तर मधाचा वास. येताना त्यांनी वडी पिशवीत टाकली नाही, हातातच धरली आणि रिक्षाभर हुंगत आले.

शनिवार, २० सप्टेंबर

सुशांतने टेबलटेनिसचा चेंडू आणला होता. तिसऱ्या खिडकीपासून सोडला. चेंडू दोनदा अडखळला आणि पुढे गेला. त्याने तो उचलला. म्हणाला, "ओके काकू, गो अहेड. मुंबईवाले कॅन्सल." मी त्याला पेढे द्यायला हवे होते, घरी येऊन आठवलं.

शनिवार, २७ सप्टेंबर

आठवडाभर पाठ मोडेपर्यंत काम. पहिल्यांदा व्हॅक्युम क्लीनरने फटींतली धूळ ओढली. मग टर्पेंटाइनमध्ये भिजवलेला फडका आणि बारीक लोखंडी लोकर घेऊन जुनं काळं मेण काढलं, लाकडाच्या रेघेरेघेने, आडवं कधीच नाही. पाण्याचं नाव नाही. नवं मेण गरम पाण्यात भांडं ठेवून पातळ केलं, आचेवरून उतरवून टर्पेंटाइन घातलं, आणि ते अगदी पातळ हाताने लावलं.

मग गोल ब्रशचं मशिन. दिसायला गरीब म्हटलं होतं ते परत घेते. सुरू केल्याबरोबर त्याने मला दावं तोडलेल्या गोऱ्ह्यासारखं स्टेजपर्यंत फरपटत नेलं. यांनी रजा काढून शिकवलं: दांडा जरा उचलला की ते उजवीकडे जातं, दाबला की डावीकडे, आणि भांडायला गेलं की भिंतीवर. दोन दिवसांनी एका हाताने फिरवायला लागले.

मला धास्ती होती की अप्पा मशिनला नाक मुरडतील. ते खुर्ची टाकून दिवसभर बघत बसले. शेवटी म्हणाले, "हे तेव्हा असतं, तर तिचे गुडघे वाचले असते." कुणाचे ते विचारायचं राहून गेलं, कारण मशिन पुन्हा पळालं.

एक अडचण आहे. तिसऱ्या खिडकीखाली फळ्यांच्या कडा अजून केसभर वर आहेत. ब्रश तिथे अडतो आणि काळी किनार पडते. तेवढा तुकडा पायानेच करावा लागणार. माझ्याच करणीची फळं.

दुसरी अडचण अप्पांची. त्या चंद्रकोरींना हात लावायचा नाही म्हणतात. मी म्हटलं, अप्पा, गिऱ्हाईक पहिल्यांदा तेच बघेल. लोकरीने जरा घासलं तर जातील. "असू दे," म्हणाले. का, ते सांगत नाहीत. सगळं काम माझ्या मनासारखं झालं, एवढं तरी त्यांच्या मनासारखं व्हावं असा म्हातारपणचा हट्ट असेल. पण धंदा हट्टावर चालत नाही. सहा तारखेच्या सोमवारी ते चहाला गेले की मी काढून टाकते.

सोमवार, ६ ऑक्टोबर

पिशवीत लोखंडी लोकर घेऊन निघाले, तर अप्पा दारात तयार. "आज मार्केट नको," म्हणाले. त्यांच्या हातात दोन सोडणं होती. कधी सोलून ठेवली होती कोण जाणे.

ते खिडकीकडून निघाले, चौकटीला एक हात धरून. मी स्टेजच्या बाजूने. पहिल्यांदा पाय सुटेना, मग एकदम सुटला. चाळीस वर्षांपूर्वी बघितलेलं कमरेत कसं राहतं, कळत नाही. पुढे, मागे. नवं मेण हळूहळू उजळायला लागलं. मी गुणगुणत होते, ते अप्पा थांबले तेव्हा लक्षात आलं.

"चिंध्या बांधल्या नाहीस," ते म्हणाले.

मागे वळून बघितलं. ताज्या मेणावर माझ्या उजव्या पायाच्या जोडव्याने ओरखडे काढले होते. बारीक, अर्धगोल, ओळीने. आणि त्यांच्या बाजूला ते जुने. तोच बाक, तेवढंच अंतर.

मी खाली बसले. अप्पाही माझ्याशेजारी बसले, बसताना त्यांचे गुडघे वाजले.

"तीही त्या दिवशी विसरली," ते म्हणाले. "तू तापाने फणफणली होतीस, शेजारी ठेवून आली होती. सगळा जीव घरी. मी बोललो तिला. खूप बोललो. सेक्रेटरी म्हणाला, खरवडून काढ. मी सरी, बरं, म्हटलं, पुढच्या सोमवारी काढतो." थोड्या वेळाने म्हणाले, "पुढच्या सोमवारी ती आजारी होती. मग नाहीच आली. मग मी काढले नाहीत. त्यांच्यावर मेण लावत राहिलो."

मी रडले. लपवायला पदर होता, पण लपवलं नाही. दोन बादल्या फिनाइल मी नेमक्या तिथे ओतल्या होत्या, आणि आज लोकर घेऊन आले होते. अठरा वर्षं माझे वडील दर सोमवारी विल्सन गार्डनहून चालत येऊन या खिडकीबाहेर उभे राहत होते, आणि परत आल्यावर त्यांना चहा का लागतो ते मला कळलं नव्हतं. वॉचमनला कळलं होतं.

अप्पांनी फडक्याला मेण घेतलं. पहिल्यांदा जुन्या ओरखड्यांवर लावलं, मग माझ्या.

शुक्रवार, १० ऑक्टोबर

आज आयुधपूजा, म्हणून हॉलमध्येच मशिनची पूजा केली. ब्रशला हळदकुंकू, दांड्याला शेवंतीचा हार. शेजारी पाटावर अप्पांनी दोन सोडणं मांडली आणि त्यांनाही कुंकू लावलं. कंपनीच्या ड्रायव्हरने कोहळा आणला होता आणि तो चुना-कुंकू भरून हॉलच्या मधोमध फोडायच्या बेतात होता. यांनी तो त्याच्या हातातून काढून गेटवर नेऊन फोडला. हसले सुद्धा.

सुशांतने चपला काढून सगळा हॉल फिरून पाहिला. जमीन नव्यासारखी झालेली नाही. जुनी आहे आणि जुनीच दिसते, पण खिडक्यांचं ऊन तिच्यात उतरलं होतं. मग तो तिसऱ्या खिडकीपाशी उकिडवा बसला.

"काकू, हे स्क्रॅचेस राहिले का?"

खुर्चीचे आहेत, असं तोंडावर आलं होतं.

"राहिले नाहीत, ठेवलेत," मी म्हटलं. "माझ्या आईच्या जोडव्यांचे आहेत. काढायचे असतील तर मुंबईवाल्यांना बोलवा. मी काढणार नाही."

त्याने बोट फिरवून बघितलं. "यातले काही नवीन वाटतात."

"ते माझे."

तो अप्पांकडे बघत राहिला. कन्सल्टंट कोण ते त्याला तेव्हा कळलं असावं. उठून हात झटकले आणि म्हणाला, दर आठवड्याला कुणीतरी येऊन हे राखायला हवं, आम्हाला जमणार नाही. तुम्ही याल का, आणि कोणता वार ठेवू?

मी अप्पांकडे बघितलं नाही. "सोमवार," म्हटलं.

सोमवार, १३ ऑक्टोबर

पहिला सोमवार. नऊ वाजता निघायचं, पण अप्पा साडेसातपासून चपला घालून ओसरीवर बसलेत. मेणाचा डबा, फडकी, मऊ ब्रश, सगळं पिशवीत भरलं.

"चिंध्या घेतल्यास?" त्यांनी बाहेरून विचारलं.

घेतल्या, म्हटलं.

"तीही असंच म्हणायची," अप्पा म्हणाले, आणि पिशवी उचलायला स्वतः आत आले.